उमरखाडी ते मानखुर्द : चिल्ड्रन्स एड सोसायटीचा इतिहास

डोंगरीतील उमरखाडीला आज मुलांचे निरीक्षणगृह आहे. ही वास्तू मुलांसाठी बांधलेली नाही. इंग्रजी अमदानीतला हा तुरुंग. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ च्या जुलैमध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली, ती त्यांनी इथे भोगली. सूट मिळून १०१ दिवसांनी ते सुटले आणि आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. मराठी वाचकाला डोंगरी ओळखीची झाली ती या पुस्तकामुळे.

दोन पदवीधर, लिहिते-बोलते तरुण आत गेले आणि बाहेर आल्यावर आत काय घडले ते त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला सांगितले. पुढे त्याच आवारात जी मुले राहायला आली, त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते, आणि आले असते तरी त्यांचे लिहिलेले छापणारे कोणी नव्हते. चिल्ड्रन्स एड सोसायटीचा इतिहास लिहायला बसल्यावर मला पहिल्यांदा हा फरक दिसतो. मुलाला छप्पर देणे तुलनेने सोपे. त्या छपराखाली त्याचे काय होते हे बाहेर कळत राहील अशी सोय करणे फार अवघड. संस्थेच्या वाटचालीत जे जे चांगले घडले आणि जे जे बिघडले, त्याची मुळे मला याच ठिकाणी सापडतात.

१ मे १९२७ रोजी सोसायटी स्थापन झाली. त्यामागे पाऊणशे वर्षांची धडपड होती. १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या गरीब व अनाथ मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देता येऊ लागले. मुंबईत १८५७ साली ससून घराण्याच्या देणगीतून डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा उभी राहिली. १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. या सगळ्यांत मूल म्हणजे भावी गुन्हेगार, त्याला वेळीच वळण लावले पाहिजे, असा विचार होता. पोरके होणे, टाकले जाणे, घरातून पळून येणे यांत त्या मुलाचा अपराध काय, हा प्रश्न सरकारी कागदांत फारसा उमटत नव्हता.

तो प्रश्न समाजसुधारकांनी विचारला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम सुरू केला. वारीच्या गावात टाकून दिलेली अर्भके सापडत. त्यांना जगवण्याचे काम तिथे झाले. सरकारची सुधारशाळा आणि समाजाचा बालकाश्रम असे दोन प्रवाह महाराष्ट्रात वेगवेगळे वाहत राहिले. सोसायटीच्या रूपाने मुंबईत ते पहिल्यांदा एका मोठ्या रचनेत एकत्र आले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे ठेवावे, त्यांची न्यायालये वेगळी असावीत, असा आग्रह धरला. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांचा कायदा केला. कायदा झाला, पण कायद्याने मूल जेवत नाही. त्याला रात्री झोपायला जागा लागते, त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा माणूस लागतो, आजारी पडले तर दवाखान्यात नेणारे कोणी लागते. हे सगळे उभे करण्यासाठी सरकारी पाठबळावर पण नागरिकांच्या सहभागाने चालणारी सोसायटी निघाली. उमरखाडीला रिमांड होम सुरू झाले. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटीची नोंदणी झाली आणि १९५० नंतर तिला सार्वजनिक न्यासाचे स्वरूप आले. महाराष्ट्र राज्याचे मुख्यमंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि महिला व बालविकास खात्याचे मंत्री उपाध्यक्ष. इतक्या मोठ्या पदांची छाया असलेल्या मुलांच्या संस्था देशात फार नाहीत.

‘रिमांड होम’ हे नाव मात्र मुंबईच्या बोलीत भीतीचे झाले. ‘नीट वागला नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी कित्येक चाळींतल्या मुलांनी ऐकली आहे. त्या भीतीचा भार तिथे राहून आलेल्या मुलांनी आयुष्यभर वाहिला. हरवलेले मूल, दादर स्टेशनवर सापडलेले मूल, दारुड्या बापाला कंटाळून निघालेले मूल आणि चोरीच्या आरोपात पकडलेले मूल, सगळ्यांवर एकच शिक्का बसला. शाळेच्या दाखल्यावर पत्ता म्हणून संस्थेचे नाव लागले की पुढच्या बाकावरच्या मुलाचे पालक आपल्या मुलाला ‘त्याच्याबरोबर बसू नकोस’ म्हणून सांगत. या अपमानाची नोंद कुठल्याच वार्षिक अहवालात होत नाही, म्हणून ती इथे करतो.

सोसायटीच्या पहिल्या काळातले सर्वांत मोलाचे काम कोणते, असे कोणी विचारले तर मी प्रोबेशन अधिकाऱ्यांचे नाव घेईन. मूल न्यायालयापुढे आले की त्याच्या घराची, शेजाराची, शाळेची, कमाईची चौकशी करून अहवाल लिहायचा, तो न्यायाधीशांपुढे ठेवायचा, मूल घरी गेल्यावरही जाऊन त्याची खबर घ्यायची, हे प्रोबेशन अधिकाऱ्याचे काम. आज ‘सामाजिक तपास अहवाल’ म्हणून जो दस्तऐवज कायद्याने सक्तीचा आहे, त्याची घडण अशा कामातून झाली. गिरणगावात, कामाठीपुऱ्यात, धारावीत पत्ता शोधत हिंडणे, दारात उभे केले जाणे, तरी पुन्हा जाणे, याला चिकाटी लागते. मुलाच्या पाठीशी असलेला बाहेरचा माणूस तो हाच.

अशा माणसांना शिकवण्याची सोय मुंबईतच झाली. १९३६ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकपदाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. त्यालाच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. ती संस्था १९५४ साली देवनारला गेली, आणि देवनारपासून मानखुर्द हाकेच्या अंतरावर. मानखुर्दला सोसायटीची बालगृहे उभी राहिली. मतिमंद मुलांसाठी १९४१ साली सोसायटीने जे निवासगृह काढले, ते देशातील अशा पहिल्या प्रयत्नांपैकी एक. बोलता न येणाऱ्या, स्वतःचे नाव सांगू न शकणाऱ्या मुलाला त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात किंवा रस्त्यावर जागा होती. तिसरी जागा सोसायटीने निर्माण केली. पण याच मुलांचे संरक्षण सर्वांत कठीण असते, कारण आपल्यावर काय गुदरले हे ती सांगू शकत नाहीत. याचा कटू अनुभव महाराष्ट्राला नंतर यायचा होता.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही दशके मी भराभर ओलांडतो. १९४८ साली मुंबई बाल कायदा नव्याने झाला, गृहे वाढली, मुलांची संख्या वाढली. शहर फुगत गेले आणि दूरच्या राज्यांतून पळून आलेली मुले रेल्वेने मुंबईला उतरत राहिली. अनुदान, रिक्त पदे, गळकी छपरे या त्या काळातल्या अडचणी आजही ओळखीच्या वाटतात.

मग १९८६ साल आले. सोसायटीच्या इतिहासात हे साल स्थापनेच्या सालाइतकेच महत्त्वाचे आहे, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे.

शीला बारसे या मुक्त पत्रकार आणि राज्याच्या कायदेविषयक साहाय्य व सल्ला समितीच्या सदस्य. मानखुर्दच्या नव्या निरीक्षणगृहाच्या कारभाराविषयी त्यांनी उच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. त्यांच्या तक्रारी नेमक्या होत्या. मुलांना घरी पाठवण्याचे आदेश होऊनही ती घरी पोचत नाहीत. मुलांना ताब्यात घेताना कोणी पुरेसा विचार करत नाही. गृहात दाखल केल्यावर पुढचा पाठपुरावा होत नाही. त्यामुळे त्यांचे तिथे राहणे हीच बेकायदा कैद ठरते. आणि मुलांकडून मोबदला न देता, धोकादायक स्वरूपाचेही काम करून घेतले जाते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल लागला. मुलांना निरीक्षणगृहात फार काळ ठेवू नये. जितके दिवस ती तिथे असतील तितके दिवस त्यांना आवडेल, त्यांचा आत्मविश्वास वाढेल अशा कामात गुंतवावे. बालन्यायालयात खास प्रशिक्षण घेतलेले न्यायाधीश असावेत, असे न्यायालयाने बजावले. त्याहून दूरगामी वाक्य दुसरेच होते. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘राज्य’ मानली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. याचा सरळ परिणाम असा, की आम्ही सेवाभावी संस्था आहोत, आमच्याकडून होईल तेवढे करतो, हे उत्तर यापुढे पुरेसे राहिले नाही. उमरखाडीच्या किंवा मानखुर्दच्या मुलाचे मूलभूत हक्क संस्थेवर बंधनकारक झाले. संस्थेच्या दयेवर अवलंबून असलेले मूल तिच्याकडे हक्काने काही मागू शकेल, ही वाट त्या निकालाने मोकळी केली.

शताब्दीच्या स्मरणिकेत अशा खटल्याचा उल्लेख करावा का, असे कुणाला वाटेल. मला वाटते, तो ठळकपणे केला पाहिजे. संस्थेविरुद्ध दिला गेलेला तो निकाल संस्थेतल्या मुलांच्या बाजूने होता, आणि मुलांसाठी निघालेल्या संस्थेने त्याला आपल्याच इतिहासाचा भाग मानावे. बारसे यांच्या पत्रामुळे देशभरातल्या निरीक्षणगृहांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सोसायटीचे नाव आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे ते या खटल्यामुळे.

त्याच वर्षी बालन्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. मुलाला कोणत्याही परिस्थितीत तुरुंगात ठेवायचे नाही, हे त्याने देशभर एकसारखे ठरवले. १९९२ साली भारताने बालहक्क संहितेला मान्यता दिली. २००० च्या कायद्याने मुलगा असो की मुलगी, वयाची रेषा अठराला आखली. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीपुढे जाईल आणि कायद्याशी संघर्ष झालेले मूल बाल न्याय मंडळापुढे जाईल, हेही त्याच कायद्याने ठरवले. उमरखाडीत एकाच शिक्क्याखाली जगलेल्या मुलांना कायद्याच्या भाषेत तरी वेगळी ओळख मिळायला जवळजवळ पाऊण शतक लागले.

आज मूल सापडले की काय होते, हे वाचकांना ठाऊक असावे. पोलीस, रेल्वे सुरक्षा दल, एखादी संस्था किंवा कोणीही नागरिक त्याला चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणतो, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. समितीत अध्यक्ष धरून पाच जण असतात आणि त्यांत एक तरी स्त्री असते. मुलाशी बोलायचे, चौकशीचा आदेश द्यायचा, घर शोधायचे. घर सापडले आणि ते सुरक्षित असले तर मूल घरी. इथेच पुन्हा जुना अडथळा येतो. बिहारच्या किंवा झारखंडच्या गावी मुलाला पोचवायला सोबत जाणारे माणूस मिळत नाही, आणि मूल आठवड्यांमागून आठवडे वाट पाहत राहते. बारसे यांची पहिली तक्रार हीच होती.

रस्त्यावरच्या मुलाला मदतीचा हात जवळ असावा म्हणून १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली. १०९८ हा क्रमांक मुंबईत जन्मला आणि देशभर गेला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेत आला आणि ११२ शी जोडला गेला. क्रमांक टिकला, हे चांगले झाले. स्टेशनवर काम करणारे कार्यकर्ते मुलांना नावाने ओळखत आणि मुले त्यांना ताई-दादा म्हणत. ही ओळख सरकारी व्यवस्थेतही टिकली पाहिजे, कारण मूल फोन करते ते ओळखीच्या आवाजाला.

निवासी संस्थेत मूल का धोक्यात येते, यावर आता स्पष्ट बोलले पाहिजे. तिथे मोठ्यांचा मुलांवर पूर्ण ताबा असतो. जेवण, झोप, आंघोळ, औषध, घरी फोन, सगळे एकाच माणसाच्या हातात. त्यातून रात्रपाळीला एकच काळजीवाहक आणि पन्नास मुले. मोठी मुले लहानांवर दादागिरी करतात, काळजीवाहक काणाडोळा करतो किंवा स्वतःच हात उगारतो. तक्रार करायची तर त्याच अधीक्षकाकडे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. आईवडील नाहीत किंवा दूर आहेत, म्हणजे विचारायला येणारे कोणी नाही. अत्याचार करणाऱ्याला अशीच मुले हवी असतात.

२०११ साली पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खासगी निवासी संस्थेतील मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकासह अनेकांना दोषी ठरवले. २०१७ साली बिहार सरकारने आपल्या निवासी संस्थांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाकडे दिले. मुंबईहून गेलेल्या या तरुण मंडळींनी शंभराहून अधिक संस्था पाहिल्या. मुलींशी वेगळे, विश्वासाने बोलले. त्यांच्या २०१८ च्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील भयंकर प्रकार बाहेर आला, आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरवले. त्या बालिकागृहाचीही तपासणी होत असे. तपासणीला येणारे वहीत सह्या करून जात. कोशिशच्या मंडळींनी मुलींना काय होते आहे ते विचारले आणि त्या जे बोलल्या ते लिहून घेतले.

मुलांच्या सर्व संस्थांना हा धडा लागू आहे, सोसायटीलाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, तो त्याआधीच बऱ्याच अंशी कलमांत उतरवला होता. मुलांची एकही निवासी संस्था नोंदणीवाचून चालणार नाही. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी एकदा तरी संस्थेत गेले पाहिजे, किमान तिघांनी, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेच. संस्थेत काम करणाऱ्याने मुलाशी क्रूर वर्तन केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. शिस्तीच्या नावाखाली मारणे हाही गुन्हा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा केला. संस्थेची बदनामी नको म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटवण्याची जी सवय आपल्याकडे होती, तिच्यावर हा थेट घाव आहे. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांवर देखरेखीची जबाबदारी वाढली.

नियमांत लहानशी दिसणारी आणखी एक तरतूद आहे. प्रत्येक गृहात मुलांची समिती असावी आणि सूचनापेटी असावी, पेटी कुलूपबंद असावी, आणि दर आठवड्याला ती मुलांच्या प्रतिनिधींसमोर उघडावी. चांगल्या अधीक्षकाची परीक्षा मी या पेटीवरून करतो. पेटी रिकामी निघाली की काही जण समाधानाने सांगतात, ‘आमच्याकडे तक्रारच नाही.’ रिकामी पेटी चिंतेची गोष्ट आहे. भाजीत मीठ जास्त पडते, चादरी ओल्या मिळतात, अमुक सर शिव्या देतात, अशा चिठ्ठ्या ज्या पेटीत निघतात तिथे मूल मोठी गोष्टही सांगण्याचे धैर्य करील. मानखुर्दला, उमरखाडीला किंवा नगर-सोलापूरच्या परिविक्षा व अनुरक्षण संघटनांच्या गृहांत मुलांना अशा चिठ्ठ्या लिहाव्याशा वाटतात का, हे शतकपूर्तीच्या वर्षात ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी तपासावे.

इमारतींचा इतिहास सांगितला, आता इमारतीबाहेरच्या मुलांविषयी. कितीही चांगले बालगृह असले तरी लहान मुलाची जागा घरात. हा विचार महाराष्ट्राने लवकर स्वीकारला. १९७५ साली राज्यात प्रतिपालकत्वाची योजना सुरू झाली आणि २००५ साली ती बालसंगोपन योजना झाली. आईवडील नसलेल्या, एक पालक गमावलेल्या, तुरुंगात किंवा असाध्य आजारात पालक असलेल्या मुलांना नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढवण्यासाठी ती मासिक मदत देते. रक्कम दीर्घकाळ ४२५ रुपये होती. मग ती ११०० झाली आणि २०२३ साली २२५० रुपये. कोविडने २०२१ साली हजारो मुलांचे पालक नेले, तेव्हा या योजनेचे महत्त्व मंत्रालयालाही नव्याने कळले. दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णयही तेव्हा झाला.

योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, आणि ते शोभणारे आहे. १८६३ च्या गृहात आलेल्या काशीबाईंचे मूल फुले दांपत्याने आपले मानले आणि १८७४ साली दत्तक घेतले. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणताना, प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन जाताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. फुले दांपत्याने मुलांसाठी संस्था काढली आणि तिच्यातले एक मूल घरी नेले. आपल्याकडे हे दोन्ही करणारे थोडे.

पण कुटुंब म्हणजे आपोआप सुरक्षा, असे समजू नये. काकाकडे पाठवलेली मुलगी शाळा सोडून धुणीभांडी करते, हे मदतीचे पैसे बँकेत जमा होत असतानाही घडू शकते. म्हणून प्रतिपालक कुटुंबाची आधी पाहणी, नंतर नियमित गृहभेट आणि मुलाशी एकट्याने बोलणे, यांना पर्याय नाही. १९२७ च्या प्रोबेशन अधिकाऱ्याचे जे काम, तेच आज जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेवकाचे. फरक एवढाच, की त्याच्याकडे आता तालुके आहेत आणि फाइली आहेत, आणि त्याचे पद पुष्कळदा कंत्राटी असते. मुलाचे संरक्षण ज्याच्यावर सोपवायचे त्याला दर अकरा महिन्यांनी स्वतःच्या नोकरीची काळजी असावी, हे मला अन्यायाचे वाटते. शासनाने शताब्दीनिमित्त एकच गोष्ट करायची ठरवली तर ही पदे कायम करावीत.

असंबंधित कुटुंबात मूल वाढवण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही. दत्तक घेऊ इच्छिणारे तान्ह्या बाळाची वाट पाहत रांगेत उभे असतात आणि सहा वर्षांपुढची मुले बालगृहात वाढत राहतात. २०१६ ची आदर्श मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यांची २०२४ ची सुधारणा यांनी दार थोडे रुंद केले. आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. दोन वर्षे मूल नीट नांदले तर त्याला दत्तक घेण्याचाही मार्ग आहे. ही मुदत पूर्वी पाच वर्षांची होती.

अठरावा वाढदिवस हा बालगृहातल्या मुलांच्या आयुष्यातला अवघड दिवस. इतर घरांत त्या दिवशी मतदार यादीत नाव घालतात. इथे मुलाला बॅग भरावी लागते. अनुरक्षण गृहांची सोय आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूद आहे, पण जागा आणि माणसे कमी पडतात. २०१८ साली महाराष्ट्राने अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. असे करणारे ते पहिल्या राज्यांपैकी एक. त्या मागणीमागे बालगृहांत वाढलेली, शिकलेली, रस्त्यावर उतरलेली तरुण मुले-मुली होती. उमरखाडीत शिरलेले मूल कधीतरी स्वतः बोलेल, अशी वाट पाहणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले. माझी सूचना अशी, की सोसायटीने आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी निदान दोघांना कार्यकारिणीवर घ्यावे, आणि ते शताब्दीच्या आधी घ्यावे. त्यांच्याइतके हे घर आतून कोणाला ठाऊक आहे?

वाचकांना शेवटची विनंती. आपल्यापैकी अनेक जण वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जातात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि परत येतात. मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नका. या मुलांची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे. द्यायचाच असेल तर वेळ द्या, तोही वर्षभर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या विषयाला. वकील, डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक असाल तर आपल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसाठी जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करा. घरात जागा आणि मनात तयारी असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन प्रतिपालकत्वाची चौकशी करा. कक्ष जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात असतो. आणि शेजारच्या घरात, दुकानात, गावातल्या वसतिगृहात एखादे मूल संकटात आहे असा नुसता संशय आला तरी १०९८ वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, नाव सांगावे लागत नाही, आणि तो दिवसरात्र लागतो.